भात सोडला, मग पोळी सोडली

मी तांदूळ सोडला तो देवीसमोर, मोठ्याने बोलून. सीमेवर गोळीबार चालू आहे असं टीव्हीवर सांगत होते आणि मुलाचा फोन लागत नव्हता. मुलगा फौजेत आहे, तेव्हा जम्मूकडे होता. त्याची बायको आणि मुलगी तिकडेच, फौजेच्या वसाहतीत. मी इथे घरी एकटी. हाताला काम सुचेना, म्हणून गावाबाहेरच्या देवीकडे गेले, नारळ ठेवला आणि म्हटलं, माझा मुलगा धडधाकट घरी येऊन माझ्यासमोर जेवायला बसेपर्यंत मी तांदूळ तोंडात घालणार नाही. आमच्या कर्जत-खालापूरकडे बायका असं काही ना काही सोडतात. कुणी गूळ सोडते, कुणी पायात चप्पल घालत नाही. मला गूळ मुळात आवडत नाही, तो सोडून काय उपयोग.

थोरली जाऊ शेजारच्याच घरात राहते. तिला आम्ही सगळ्या अक्का म्हणतो. मी परत आले तेव्हा ती अंगणात तांदळाच्या फेण्या वाळत घालत होती. तिला सांगितलं.

"भात सोडलास की तांदूळ?" तिने विचारलं.

"तांदूळ."

"मग भाकरी कसली खाशील?"

"नाचणीची."

"आणि पोहे?"

"तेपण तांदळाचेच ना. नाय खायचे."

"म्हणजे या फेण्यापण गेल्या. घावन गेले, पेज गेली. अगं, नुसता भात म्हणून मोकळी व्हायचीस. देवी काय तुझ्या डब्यात बघायला येते? बोलायची अक्कल नाय तुला."

मी म्हटलं, तोंडातून गेलं ते गेलं. आता देवीशी घासाघीस कुठे करायची.

थोड्या दिवसांनी सून आणि नात आल्या. वसाहतीतल्या बायकामुलांना गावी पाठवत होते. कल्याणला उतरून पुढे गाडी करून आल्या, दोघींचे चेहरे काळवंडलेले. मुलगा तिकडेच राहिला. नात तेव्हा पहिली संपवून दुसरीत जाणार होती. मी तिला दोन वर्षांनी बघत होते. दारात तिने मला वाकून नमस्कार केला, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि विचारलं, "आजी, खायला काय आहे?"

मला बरं वाटलं. शहरातली पोरं नाकं मुरडतात, ही तशी नाही म्हटलं. भाकरी दिली, खाल्ली. आणखी दिली, तीही खाल्ली. वर बिस्किटांचा पुडा संपवला. अक्का बघायला आली होती, ती म्हणाली, "पोरीला उपाशी ठेवत होतीस काय गं तिकडे?" सून पोरीचं तोंड पुसत राहिली. तिचं माहेर मोहोपाड्याचं, वडील कारखान्यात नोकरीला होते, ती स्वतः कॉलेज शिकलेली. अक्काच्या बोलण्याला उत्तर द्यायचं नाही हे ती लग्नानंतर महिनाभरात शिकली होती.

तर नात खायची. दिवसभर काहीतरी तोंडात असायचं. ठाकूरवाडीची बाई रस्त्यावर करवंदं घेऊन बसायची, तिच्याकडून पानाच्या द्रोणातली करवंदं आणली की उभ्या उभ्या संपवायची. मुरमुरे, शेंगदाणे, काल उरलेली भाजी, हाताला लागेल ते. पण मला हळूहळू एक दिसलं. तिचं लक्ष खाण्यात नसायचं. चव विचारली तर सांगता यायची नाही. आमच्या घरामागे मुंबईच्या कुणा माणसाचा बंगला बांधायचं काम चालू होतं. डंपर येऊन खडी ओतायचा. खडी ओतल्याचा आवाज झाला की ही असेल तिथून उठायची आणि डब्याकडे धावायची. डबा हातात नसेल तर फ्रॉकची कड तोंडात घालून चावायची.

मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, "तिकडे भोंगा वाजला की आम्ही जिन्याखाली बसायचो. लाइट बंद. ही रडायची. रडू नये म्हणून मी तिला बिस्किट द्यायचे. दुसरं काय करणार होते?"

"म्हणजे आवाज झाला की खायचं, अशी सवय लागली. कुत्र्याला लावतात तशी."

"आई, माझी मुलगी आहे ती."

"मी कुठे नाय म्हणतेय."

मला जे दिसलं ते मी बोलले. त्यात रागवण्यासारखं काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, पण सून दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली.

मग पोर उलट्या करायला लागली. एवढं खाल्ल्यावर होणारच. अक्काने मीठ-मोहरी आणि सुक्या मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका उठला नाही. "बघ," अक्का म्हणाली, "नजर होतीच." मी म्हटलं, असेल. उलट्या दोन दिवसांनी थांबल्या. नजर उतरली म्हणून थांबल्या की सुनेने डबे वर फळीवर ठेवले म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात टीव्हीवर सांगितलं की गोळीबार थांबला. मुलाचा फोनही आला, आवाज खणखणीत होता. मला वाटलं, आता पोर ठिकाणावर येईल. डंपर अजून येत होता, खडी पडत होती, पण ती आता धावत नव्हती. नुसती मान वर करून बघायची. मला हायसं वाटलं. आणि मग तिचं जेवण कमी व्हायला लागलं.

इथपासून पुढचं मला नीट उलगडत नाही. भीती होती तेव्हा पोर खात होती. भीती गेली तेव्हा खाईना. मी चार पोरं वाढवली आहेत. पोर आजारी पडलं तर खात नाही, रुसलं तर खात नाही, पोटात जंत झाले तरी खात नाही. ही आजारी नव्हती, रुसलेली नव्हती, जंताचं औषध देऊन झालं होतं. ताटावर बसायची, घास चिवडायची, उठायची. विचारलं तर म्हणायची, "पोट भरलं." कशाने भरलं, तेच दिसत नव्हतं.

कर्जतला लहान मुलांच्या डॉक्टर बाई आहेत, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी वजन केलं, डोळे बघितले, पोट दाबलं आणि आम्हाला बऱ्याच गोष्टी विचारल्या. मग म्हणाल्या, लढाईच्या जागेवरून आलेल्या मुलांमध्ये असं होतं. काही मुलं जास्त खातात, काही कमी, काही एकच पदार्थ धरून बसतात, काहींचं आधी एक आणि नंतर दुसरं. मी विचारलं, "पण आता तर गोळीबार थांबला."

"टीव्हीवर थांबला, आजी. तिच्या आत थांबायला वेळ लागतो."

"मग तोवर काय करायचं?"

"जबरदस्ती करू नका. ओरडू नका. सगळे तिच्यासोबत एकत्र जेवायला बसा. गप्पा मारत जेवा. वजन असंच उतरत राहिलं तर मात्र अ‍ॅडमिट करून सलाइन लावावं लागेल."

एवढ्यासाठी आम्ही कर्जतपर्यंत आलो होतो. पण सलाइन म्हटल्यावर सुनेचा चेहरा पडला, म्हणून मी गप्प बसले.

आमच्याकडे म्हातारी बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवते. सासूबाई तशाच जेवल्या, मीही तशीच. सगळ्यांना वाढायचं, मग भांडी गोळा करता करता दोन घास खायचे. आता डॉक्टर बाईंनी सांगितलं म्हणून मी माझं ताट घेऊन नातीसमोर बसले. माझ्या ताटात नाचणीची भाकरी आणि भाजी. तिच्या ताटात पोळी, भाजी, वरण-भात. तिला तिकडे पोळीची सवय, भात ती थोडाच खायची.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "आजी, तुला भात नाही?"

"मी सोडलाय."

"म्हणजे?"

मी सांगितलं. देवीला काय बोलले, कशासाठी बोलले, सगळं. लपवण्यासारखं काय होतं त्यात. उलट मला वाटलं, पोरीला समजू दे, आपल्या बापासाठी इथे कुणीतरी काही करतंय. ती लक्ष देऊन ऐकत होती. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या गप्पा मारा, तर ह्या आमच्या गप्पा.

त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला. सुनेने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आई, ही सांगते तू भात खात नायस. काय खुळ्यासारखं चालवलंस?"

"तू ये. तू आलास की खाईन."

"माझं येणं काय माझ्या हातात हाय?"

"मग माझं खाणं माझ्या हातात हाय."

तो हसला. तिकडे त्याच्या बाजूला कुणी असेल, त्याला हिंदीत सांगितलं की माझी आई अशी आहे. सूनही हसली. नात फोनला कान लावून बसली होती. ती हसली नाही. बापाने विचारलं, "जेवलीस का बाळा?" ती म्हणाली, "हो." जेवली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तिने पोळीला हात लावला नाही. आम्हाला वाटलं, कंटाळली असेल. मी तांदळाची भाकरी करून दिली, ती खाल्ली. मग दूध बंद झालं. सून म्हणाली, इकडच्या दुधाला वास येतो म्हणून पीत नसेल. मग अंडं. मग आंबा. आंबा नको म्हणाली तेव्हा मी चमकले, कारण आधी ती आंब्याची कोय पांढरी होईपर्यंत चोखायची. सुनेने तिच्यासाठी शेवया केल्या, शिरा केला, बाजारातून नूडल्स आणल्या. मी मनात म्हटलं, लाड करून ठेवलेत, म्हणून ही थेरं. एकदा तर बोलूनही दाखवलं. सून म्हणाली, "तुम्हीच सांगा मग काय करू." 

अक्काकडे फणस कापला होता. नात तिच्या ओट्यावर गेली होती, तिथून अक्का हसत हसत आमच्या दारात आली. हाताला फणसाचा चीक लागू नये म्हणून लावलेलं तेल तसंच होतं.

"तुझी नात म्हातारी झाली गं. मी म्हटलं, घे गरा. तर मला म्हणते, नको, मी सोडलंय. जशी तू बोलतेस, अगदी तश्शीच. सोडलंय म्हणे."

सून भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. मी अक्काकडे बघत राहिले.

नात मागून आली. तिला जवळ बसवून विचारलं, "काय काय सोडलंस?"

तिने काही लपवलं नाही. शाळेत बाईंनी विचारल्यावर सांगावं तसं सांगितलं. आधी पोळी सोडली. दुसऱ्या दिवशी पप्पांचा फोन आला. म्हणजे लागू पडलं. मग फोन यायला उशीर झाला, तेव्हा दूध सोडलं. फोन आला. परत उशीर झाला, अंडं सोडलं. आंबा सोडला तेव्हा तर फोटोपण आला पप्पांचा. आता बरेच दिवस फोन नव्हता, म्हणून फणस.

"आवडतं तेच सोडायचं ना, आजी?" तिने विचारलं. "तुला भात आवडतो म्हणून तू भात सोडलास."

 सून आत निघून गेली. अक्काने तेलाचे हात पदराला पुसले, तेही तिच्या लक्षात आलं नाही.

मी म्हटलं, "असं लहान पोरांनी करायचं नसतं. हे मोठ्या माणसांचं काम."

"का? देवी लहान मुलांचं ऐकत नाही?"

"ऐकते गं."

"मग?"

 चौथीपर्यंत शाळा शिकले, तिथे असलं काही शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "तुझा बाप फौजेत हाय, त्याला फोन करायला कधी वेळ होतो, कधी नाय. त्याचा आणि तुझ्या पोळीचा काही संबंध नाय."

"मग तुझ्या भाताचा आहे?"

अक्का म्हणाली, "घे. आता बोल."

 त्या पोरीला खोटं पाडायचं म्हणजे स्वतःला खोटं पाडायचं. तिचा हिशेब तोच माझा हिशेब. मी तांदूळ सोडला आणि मुलगा वाचला, असं मी मनातल्या मनात धरून चालले होते. कुणाला बोलले नव्हते, पण धरलं होतं.

शेवटी तीच म्हणाली, "तू भात खा. मग मी सगळं खाते."

"तुझे पप्पा आले की खाऊ आपण दोघी."

"हां," ती म्हणाली. तिला ते पटलं. आणि त्या रात्रीपासून तिने भातही बंद केला.

आता नुसतं वरणाचं पाणी आणि एखादं केळं. सुनेने तिला समजावलं, रागावली, एकदा पाठीत धपाटाही घातला आणि मग स्वतःच रडत बसली. मुलाला कळवायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तिकडे त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं पाहिजे, म्हणाली. ते मला पटलं. दोघींचं पटलेलं तेवढंच. बाकी ती माझ्यामागे लागली होती.

"आई, खा ना तुम्ही भात. तिच्यासमोर एकदा खा."

"बोललेलं मोडता येत नाय."

"माझा नवरा आहे तो. मी सांगते, खा. त्याला काही होणार नाही."

"तुझा नवरा असेल. माझ्या पोटचा हाय."

"मग ही कुणाच्या पोटची?"

मी उठून गुरांच्या गोठ्याकडे गेले. गुरं विकून बरीच वर्षं झाली, गोठ्यात आता लाकडं असतात. तरी उठून तिकडेच जाते मी. तिथे उभी राहून विचार केला, पण विचार एका जागीच फिरत राहिला. मी भात खाल्ला आणि तिकडे त्याला काही झालं तर? नाही खाल्ला आणि इकडे पोरीला काही झालं तर? पारडं कुठल्या बाजूला झुकवायचं? देवीवर माझा किती विश्वास आहे, असं मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, फार नाही. सणाला जाते, नारळ ठेवते. पण बोललेलं मोडायची वेळ आली तेव्हा कळलं की मी म्हणते त्याहून विश्वास बराच जास्त आहे. की ती नुसती भीती होती, कोण जाणे.

एके दिवशी सकाळी पोर बोअरिंगच्या हापशाजवळ पडली. तोंड धुवायला गेली होती. डोळे उघडे, पण ओळख नाही. सुनेने पाणी मारलं, साखर चाटवली, तेव्हा सावध झाली. सुनेने लगेच कर्जतला न्यायची तयारी केली. मी म्हटलं, "मला एक तास दे." का कोण जाणे, तिने दिला. कदाचित गाडी यायला तेवढा वेळ होताच.

नातीला कडेवर घेतलं. सात वर्षांचं पोर माझ्यासारख्या म्हातारीच्या कडेवर बसावं, इतकं हलकं झालेलं. देवळात गेले. गुरव अंघोळ करून, नवा शर्ट घालून बाहेर निघाला होता, त्याला पळसदरीला लग्नाला जायचं होतं.

"कौल लावायचाय," मी म्हटलं.

"आता? उद्या या ना, मावशी. गाडी चुकेल माझी."

"उद्या नाय जमणार."

त्याने माझ्या कडेवरच्या पोरीकडे बघितलं आणि चप्पल काढली. आमच्याकडे कौल म्हणजे फुलाच्या ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला चिकटवतात. प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी विचारलं, बोललेला शब्द मागे घेतला तर चालेल का. नात मांडीवर बसून बघत होती.

दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

गुरव म्हणाला, "असं होत नाय कधी." परत लावल्या. या वेळी कुठलीच पडेना. आम्ही बसून राहिलो. उकाडा होता, पाकळ्या तिथेच वाळायला लागल्या. गुरव एकदा देवीकडे आणि एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता.

"काय म्हणते देवी?" नातीने विचारलं.

"काय बोलत नाय आज," गुरव म्हणाला. "मावशी, मी जाऊ का? आल्यावर संध्याकाळी परत लावू."

संध्याकाळपर्यंत थांबायला माझ्याकडे वेळ नव्हता. मी देवीला एवढंच म्हटलं की मी भात खायला चाललेय. काय करायचं असेल ते मला कर, माझ्या पोराला नको आणि या पोरीला नको. ते तिने ऐकलं की नाही, माहीत नाही. उजवी पाकळी पडली का, ते मी मागे वळून बघितलं नाही. पडली नसती तर मला परत बसावं लागलं असतं.

घरी येऊन भात टाकला. सून गाडीची वाट बघत दारात उभी होती, तिने विचारलं नाही. भात झाला, वरण होतंच. दोन ताटं घेतली. नातीला समोर बसवलं.

"आधी तू," ती म्हणाली.

भाताचा वास मला महिनाभर रोज येत होता, कारण सुनेसाठी रोज शिजत होता. पण घास बोटांत घेतला आणि हात वर जाईना. मला मुलगा दिसला, असं काही मी म्हणणार नाही. काहीच दिसलं नाही. नुसता हात जाईना. नात माझ्याकडे टक लावून बसली होती, तिच्या गालांची हाडं वर आलेली. मी तोंडात घातला. चावला. गिळला. चव कसली म्हणून लागली नाही.

"आ कर," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. तिने आत बघितलं, जिभेखाली आहे का तेही बघितलं. मग तिने स्वतःच्या ताटातला भात कालवला आणि खायला सुरुवात केली. सुनेने गाडीवाल्याला परत पाठवलं. पोर घास घेत होती आणि मध्येच माझ्या ताटाकडे बघत होती. मी थांबले की तीही थांबायची. म्हणून मी सगळं ताट संपवलं. नंतर बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

अक्का तिच्या ओट्यावरून म्हणाली, "खाल्लास?"

"खाल्ला."

"बरं केलंस. आता त्याचा फोन आला की कळेल."

"काय कळेल?"

ती विचार करायला लागली. बराच वेळ केला. मग आत गेली.

फोन आला, पण लगेच नाही. मधल्या दिवसांत मोबाईल वाजला की मी हातातलं टाकून उभी राहायचे आणि सुनेच्या तोंडाकडे बघायचे. वाजला नाही तरी उभी राहायचे. शेवटी आला तेव्हा तो नेहमीसारखाच बोलला, उकडतंय म्हणाला, पाय दुखतोय म्हणाला. नातीने त्याला काय काय खाल्लं ते सगळं सांगितलं. मला आनंद झाला आणि रागही आला. भात खाऊनही फोन येतो. मग मी एवढे दिवस काय केलं? आणि तांदूळ सोडला होता तेव्हा तो वाचला, तो कशाने वाचला? हे दोन्ही प्रश्न मी एकापुढे एक ठेवते तेव्हा माझं डोकं चालत नाही. सुनेला विचारलं तर ती म्हणते, "आई, सोडा ना आता." तिला ते सोडणं सोपं जातं.

नात इथल्याच शाळेत जाते. वजन थोडं भरलं आहे. दूध पिते, पोळी खाते, अंडं मात्र अजून नको म्हणते आणि का नको ते सांगत नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, हळूहळू होईल. मी विचारलं, ती बरी झाली ती कशाने? त्या म्हणाल्या, तुम्ही सगळे तिच्यासोबत जेवायला बसलात, त्याने. मी पुढे काही सांगितलं नाही. त्या चांगल्या बाई आहेत.

मुलाची रजा दोनदा मंजूर होऊन रद्द झाली. काल टीव्हीवर परत सीमेची बातमी होती. बातमी सांगणारा ओरडत होता, म्हणून सुनेने टीव्ही बंद केला, पण नातीने ऐकलं होतं. दोन दिवस फोन नाही. संध्याकाळी जेवायला बसलो. माझ्या ताटात भात होता आणि माझा हात भाताच्या बाजूलाच पडून राहिला. भाजी घेतली, लोणचं घेतलं. मग लक्षात आलं की समोर कुणीच खात नाही. नात माझ्या हाताकडे बघत होती. तिचाही हात ताटात तसाच. सून आमच्या दोघींकडे बघत होती आणि तिच्या हातात पोळीचा तुकडा होता.

मी भात कालवला. आमटी जास्त पडली, पातळ झाला, तरी खाल्ला. नातीने घास उचलला. मग मी पुढचा घेतला, मग तिने. माझं पोट भरलं होतं. तिच्या ताटात अजून बराच भात होता, म्हणून मी आणखी वाढून घेतला.